न दिलेल्या पैशांचे आभार

शिवणकाम करणारी बाई आभार मानायला आली, तेव्हा ‘हातभार’ या मदतसंस्थेच्या खोलीत चौकशीबाई एकट्याच होत्या. खोली लाँड्रीच्या वरची. खालच्या यंत्रांची वाफ जमिनीतून वर यायची, त्यामुळे थंडीत पाय गरम राहायचे, एवढाच त्या जागेचा फायदा. बाकी एक टेबल, डुगडुगणाऱ्या खुर्च्या आणि भिंतीला टेकवलेलं लोखंडी कपाट.

“तुमचे उपकार कसे फेडायचे ते कळत नाही,” शिवणवाली म्हणाली आणि तिने टेबलावर एक कापडी पिशवी ठेवली. स्वतः शिवलेली, आतून अस्तर लावलेली. “भाडं चुकतं केलं. मशीनही सोडवून आणलं.”

चौकशीबाईंनी पिशवीला हात लावला नाही. याच बाईला गेल्या महिन्यात त्यांनी याच टेबलावर नकार दिला होता. घरी पाहणीला गेल्या होत्या तेव्हा दारात पुरुषाचे नवेकोरे बूट दिसले. विचारल्यावर भाऊ निघाला, चांगला पगारदार. अर्ज करताना बाईने त्या भावाबद्दल ब्र काढला नव्हता. मग काय, नाही म्हणजे नाही.

“कोण आलं होतं पैसे घेऊन?” चौकशीबाईंनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारलं.

“तुमचाच माणूस की,” शिवणवाली म्हणाली. मग तिच्या लक्षात काहीतरी आलं असावं. ती उठली, पदर सारखा केला आणि, “येते हं, मशीनवर काम पडलंय,” असं म्हणत जिना उतरून गेली.

चौकशीबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

त्यांची सगळी हयात विमा कंपनीत गेली होती. आग लागलेली गोदामं, चोरीला गेलेल्या गाड्या, पायऱ्यांवरून घसरलेली माणसं, यातलं खरं काय आणि बनाव काय हे शोधायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्या तरी नजर निवृत्त झाली नाही. भाजीवाल्याच्या तराजूवर, शेजाऱ्यांच्या पाहुण्यांवर, सगळीकडे ती फिरायची. ‘चौकशीबाई’ हे नाव गल्लीने ठेवलं, आणि त्यांनी ते मानाने मिरवलं.

‘हातभार’ सुरू केला होता केमिस्टने. त्याच्या काउंटरवर लोक औषधांची चिठ्ठी द्यायचे, रक्कम ऐकायचे आणि त्यातली निम्मी औषधं परत सरकवायचे. हे बघून बघून त्याला राहवेना. ओळखीच्या दुकानदारांकडून वर्गणी जमवून त्याने अडलेल्यांच्या हातात रोख पैसे द्यायला सुरुवात केली. एकदाच द्यायचे, आणि कशावर खर्च केले हे विचारायचं नाही, हा त्याचा नियम. त्याच्या जोडीला आली शाळेची बस चालवणारी ताई. तिला वस्तीतली दारं तोंडपाठ होती. दोघंही मऊ मनाची. दोन-चार जणांनी त्यांना टोपी घातली, तेव्हा ताईनेच चौकशीबाईंना गळ घातली होती. कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही, हे त्या आल्यापासून नीट पारखलं जाऊ लागलं.

दुसऱ्या दिवशी केमिस्टला त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, “शिवणवालीला आपण नाहीच म्हटलं होतं ना?”

“हो. तुम्हीच म्हणालात, भाऊ आहे म्हणून,” तो म्हणाला. “का? काही झालं का?”

“काही नाही,” चौकशीबाई म्हणाल्या. तो जरा जास्तच पटकन बोलला, असं त्यांना वाटलं.

त्या घरी गेल्या आणि जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. आयुष्यभर उंच इमारतींच्या पोटात काम केलेला माणूस, बोलणं मोजकं. चौकशीबाई बोलायच्या आणि लिफ्टवाले ऐकायचे, असा त्या घराचा रिवाज होता. कोण आलं, काय म्हणालं, आपण कसं ओळखलं, का नाही म्हटलं, सगळं त्या ताटावर बसून सांगायच्या. ते एका बाजूने हळूहळू चावत राहायचे. त्यांचे मागचे दात गेले होते, आणि नवे बसवायला दवाखान्यात म्हणून ते बरेच दिवस बाहेर पडत होते.

“इतक्या खेपा घातल्यात आणि एक दात तोंडात दिसत नाही,” चौकशीबाई म्हणाल्या. “तो डॉक्टर लुबाडतोय तुम्हाला. मी येते एकदा.”

“अगं, हाड भरून यावं लागतं आधी,” लिफ्टवाले म्हणाले. “मग? त्या शिवणवालीला पैसे दिले कुणी?”

“तेच तर शोधायचंय.”

पुढच्या आठवड्यात बेकरीतला पोरगेला कामगार जिन्यात भेटला. त्याच्या हाताला अजून पट्टी होती. ब्रेड कापायच्या यंत्रात हात गेला असं त्याने सांगितलं होतं, आणि चौकशीबाईंनी बेकरीत जाऊन शोधून काढलं होतं की हात मारामारीत कापला. त्यालाही नकार दिला होता. आता तो मान खाली घालून म्हणाला, “मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं, तरी दिलेत. बरं नाही वाटत मला.”

“कोणी दिले?”

“ते आले होते ना, ‘हातभार’मधून आलोय म्हणाले.”

“दिसायला कसे होते?”

पोराने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “तुम्हाला माहीत नाही?” एवढं बोलून त्याच्या तोंडाला कुलूप लागलं. चौकशीबाईंनी हरतऱ्हेने विचारून पाहिलं, पण त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

त्यातच फर्निचरवाल्याचा फोन आला. संस्थेला सगळ्यात मोठी वर्गणी त्याची असायची. “माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक सांगत होतं,” तो म्हणाला, “तुम्ही पुढच्या दाराने नाही म्हणता आणि मागच्या दाराने देता. माझे पैसे नेमके कोणत्या दाराने जातात, बाई? हे कळेपर्यंत या महिन्याचे थांबवतो. राग मानू नका.”

चौकशीबाईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. खोलीतले पैसे त्यांनी कपाटातून काढून तपासले, तर ते बरोबर होते. म्हणजे पैसे बाहेरचे, नाव मात्र ‘हातभार’चं. असं कोण करील? निवडणुकीला उभं राहायचं असलेला कोणी? काळा पैसा पांढरा करणारा कोणी? उद्या हाच माणूस या लोकांकडून काहीतरी भलतंच वसूल करील, आणि बोट आपल्याकडे दाखवलं जाईल. पण कोणाला नाकारलं हे बाहेरच्याला कळणार कसं? ते फक्त तिघांना माहीत. बसवाली ताई तर लेकीच्या बाळंतपणाला परगावी जाऊन बसलेली. तिच्याशी फोनवर बोलणं व्हायचं तेही बाळाच्या अंगाला आलेल्या पुरळाबद्दल. उरला कोण?

केमिस्ट प्रत्येक नकाराला हळहळायचा. “देऊन टाकू हो, बघू पुढचं पुढे,” हे त्याचं पालुपद. हल्ली दुपारी तो दुकान नोकरावर टाकून कुठेतरी जायचा. चौकशीबाईंनी हे एकदा पाहिलं, मग मुद्दाम समोरच्या बाकावर बसून पुन्हा पाहिलं. विमा कंपनीतली जुनी सवय उफाळून आली. त्यांनी केमिस्टच्या बायकोला फोन लावला. आधी तब्येतीच्या गप्पा केल्या, मग हळूच विचारलं, “दुपारचे घरी येतात का हो ते जेवायला? दुकान बरं चाललंय ना? नाही, हल्ली जरा ओढल्यासारखे दिसतात.”

“दुपारी तर घरी येत नाहीत,” बायको म्हणाली. “का? काय झालं?”

“काही नाही, सहज,” म्हणून चौकशीबाईंनी फोन ठेवला. आपला नेम बरोबर लागला, असं त्यांना वाटलं.

शनिवारच्या बैठकीला दोघंच होते. खाली लाँड्रीचं यंत्र घुमत होतं. चौकशीबाईंनी प्रस्तावना न करता विचारलं, “दुपारी कुठे जाता तुम्ही?”

केमिस्टने चष्मा काढला. “माझ्या बायकोनेही हेच विचारलं,” तो म्हणाला. “रडत विचारलं. तीन दिवस आमच्या घरात कोणी नीट जेवलेलं नाही. तिच्या डोक्यात काय आलं असेल ते तुम्हाला समजतं ना?”

“मी फक्त—”

“ऐकू कमी येतंय मला. यंत्र बसवायचं चाललंय, त्याच्या तपासणीला जातो. गिऱ्हाइकांना कळायला नको होतं. औषधाच्या दुकानात बहिरा माणूस उभा आहे म्हटल्यावर लोक दुसरीकडे जातील, म्हणून. बायकोला यंत्र लागल्यावर सांगणार होतो.” त्याने खिशातून आपल्याजवळची कपाटाची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. “पैसे मी दिले असते तर तुमच्या तोंडावर सांगितलं असतं, की बाई, तुम्ही चुकलात, मी दिले. लपून देण्याइतका मी तुम्हाला भीत नाही.”

तो गेला. चौकशीबाईंनी किल्ली उचलली. त्यांना वाईट वाटलं, पण पटलं मात्र नाही. रागाचा आव आणून चौकशी उधळून लावणारे त्यांनी कंपनीत पुष्कळ पाहिले होते.

आता सगळा कारभार एकट्यावर आला. त्या आठवड्यात पोहण्याच्या तलावाचा म्हातारा रखवालदार आला. तलाव बंद पडला होता आणि त्याचा पगारही. चौकशीबाई त्याच्या घरी गेल्या. बोलता बोलता त्याच्या तोंडून निसटलं, की दुसऱ्या गावात मुलाच्या नावावर एक घर आहे. ते भाड्याने दिलेलं असणार, असा त्यांनी हिशोब लावला आणि नाही म्हणून आल्या. ना कागद केला, ना ताईला फोन. घरी येऊन नेहमीप्रमाणे सांगितलं, एवढंच.

आणि चार-पाच दिवसांनी रखवालदार भर बाजारात हात जोडून समोर उभा राहिला.

“तुमच्या मनात माया आहे हो, बाई,” तो म्हणाला. “तोंडावर नाही म्हणता, आणि मागून पाठवता.”

चौकशीबाईंच्या हातातली फळांची पिशवी जड झाली. या माणसाला आपण नाकारलं हे केमिस्टला माहीत नाही. ताईला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.

“तुमच्या घरी येऊ का आत्ता?” त्यांनी विचारलं.

म्हाताऱ्याची खोली होती तशीच होती. अंधारी, स्वच्छ, क्लोरीनच्या वासाची. फक्त ओट्यावरच्या कपाटाचं दार, जे आधी एका बिजागरीवर लोंबत होतं, ते आता सरळ बसलं होतं. चौकशीबाईंनी ते उघडलं, लावलं. आवाज नाही.

“त्यांनीच नीट केलं,” रखवालदार कौतुकाने म्हणाला. “पैसे दिले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, हे असं का सोडलंय? खिशात स्क्रू-ड्रायव्हर होताच.”

चौकशीबाई वाकून बिजागरीकडे बघत राहिल्या. सगळ्या स्क्रूंच्या खाचा एकाच दिशेला होत्या, उभ्या, वरून खाली. त्यांच्या स्वतःच्या घरात दिव्यांच्या बटणांपासून न्हाणीघराच्या कडीपर्यंत प्रत्येक स्क्रू असाच बसवलेला होता. लग्नानंतर नवी नवी असताना त्यांनी विचारलंही होतं, असं का म्हणून. “सैल झाला तर लांबून कळतो,” नवरा म्हणाला होता.

त्या घराकडे निघाल्या. आधी राग आला. मग आपण जेवताना काय काय बोलत आलो ते एकेक आठवायला लागलं. शिवणवालीचा भाऊ. बेकरीवाल्याची मारामारी. कोणाचा आजार, कोणाचं थकलेलं भाडं. घरचं माणूस म्हणजे भिंतीसारखं, असं धरून चालल्या होत्या त्या. गुपित फुटलं कुठून ते साऱ्या गावात शोधत हिंडल्या, आणि फुटत होतं ते त्यांच्याच तोंडून.

लिफ्टवाले गॅलरीत बसून सफरचंदाच्या पातळ चकत्या करत होते.

“दाताच्या डॉक्टरकडे शेवटचं कधी गेलात?” चौकशीबाईंनी दारातूनच विचारलं.

ते थांबले. सुरी ताटलीत ठेवली. “एकदाच गेलो होतो,” ते म्हणाले. “किती लागतील ते विचारायला.”

“आणि ते पैसे?”

“वाटले.”

“माझ्याशी खोटं बोललात. इतके दिवस.”

“हो.”

त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. एवढ्या सरळ कबुलीनंतर पुढे काय विचारायचं, हे त्यांना कंपनीत कोणी शिकवलं नव्हतं.

“तू रोज जेवताना सांगायचीस,” लिफ्टवाले खाली बघत म्हणाले. “त्या शिवणवालीचा भाऊ तिला दमडी देत नाही, हेही तूच सांगितलंस. वर म्हणालीस, पण नियम म्हणजे नियम. मला घास जाईना. दात काय, दुसऱ्या बाजूने चावता येतं.”

“मग स्वतःच्या नावाने द्यायचे होतेत. आमचं नाव कशाला?”

“अगं, बाईमाणसाच्या दारात परका पुरुष नोटा घेऊन उभा राहिला, तर ती काय समजेल? तुमचं नाव सांगितलं की दार उघडतात.”

“बेकरीवाला खोटारडा होता,” त्या म्हणाल्या. “त्याला मी बरोबर पकडलं होतं.”

“होता खोटारडा. मलाही तेच यंत्राचं सांगितलं त्याने. पण हात कापलेला होता ना.”

“केमिस्ट सोडून गेला माझ्यामुळे. त्याच्या घरात भांडण लावलं मी. फर्निचरवाल्याने पैसे थांबवले.”

हे ऐकून लिफ्टवाल्यांचा चेहरा उतरला. केमिस्टवर आळ घेतल्याचं चौकशीबाईंनी घरी सांगितलं नव्हतं. सगळ्या गोष्टी सांगणाऱ्या बाईने नेमकी तीच गोष्ट गिळली होती. “हे मला ठाऊक नव्हतं,” ते म्हणाले. “मी जातो. आत्ताच जाऊन सांगतो त्याला.”

“तुम्ही कुठेही जायचं नाही.”

त्या स्वतःही गेल्या नाहीत. सांगायचं म्हणजे नुसतं नवऱ्याचं नाव घेऊन भागणार नव्हतं. लोक विश्वासाने जे सांगतात ते मी घरी जाऊन सांगत होते, हे बोलावं लागणार होतं. ‘हातभार’मध्ये आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी दोघांना बजावलं होतं, की इथलं इथेच राहिलं पाहिजे. रोज सकाळी त्या निघायच्या ठरवून, आणि दुकानाच्या अलीकडच्या वळणावरून परत फिरायच्या. प्रकरण आपोआप विझेल असंही एकदा मनात आलं. लिफ्टवाले काही विचारायचे नाहीत, आणि त्या न विचारण्याचाच जास्त जाच व्हायचा.

शेवटी एका सकाळी त्या दुकानात शिरल्या. गिऱ्हाईकं होती. केमिस्टच्या कानामागे नवं यंत्र दिसत होतं, आणि काउंटरच्या आत त्याची बायको बिलं करत बसली होती. चौकशीबाई रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आला तेव्हा म्हणाल्या, “माझ्या नवऱ्याने दिले ते पैसे. नावं मीच घरी सांगत होते. तुमचा काही संबंध नव्हता.” मग बायकोकडे वळल्या. “तुम्हाला फोन केला तो मी तुमच्याकडून माहिती काढून घ्यायला केला होता. तब्येत विचारायला नाही.”

मागे उभा असलेला माणूस औषधाच्या बाटल्यांकडे बघायला लागला. बायकोने पेन खाली ठेवलं नाही.

“संशयाचं मला काही नाही,” केमिस्ट म्हणाला. “तो तुमचा स्वभाव. पण हिच्या मनात जे आलं ते आता पुरतं जात नाही. मी जरा उशिरा आलो की बघते माझ्याकडे.” तो मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला. “बोला, काय देऊ?”

बसवाली ताई नातवाचे फोटो घेऊन परतली आणि तिने दोन्हीकडच्या हकिगती ऐकल्या. तिने फारशी चर्चा केली नाही. “बाई, तुम्ही येणारे पैसे बघा,” ती म्हणाली. “जाणाऱ्यांकडे मी बघते. आणि तुमच्या यजमानांना सांगा, द्यायचे तर इथे येऊन द्या. आमचं नाव घेऊन फिरायचं नाही.” शिवणवालीची कहाणी तिने परत ऐकली आणि तिचं नाव मदत मिळालेल्यांत रीतसर घातलं. फर्निचरवाल्याकडे चौकशीबाई स्वतः गेल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं, हसला नाही, आणि पुढच्या महिन्यापासून निम्मी वर्गणी सुरू केली. उरलेली निम्मी पुढे बघू म्हणाला.

केमिस्ट महिनाभराने आला. किल्ली ताईकडे होती, ती त्याने घेतली. तो चौकशीबाईंशी कामापुरतं बोलतो, आणि बोलताना यंत्र लावलेला कान त्यांच्याकडे करतो. बायकोला त्याने एकदा सोबत आणलं होतं. ती खोलीभर बघून गेली, चौकशीबाईंशी बोलली नाही.

घरी आता जेवताना चौकशीबाई ‘हातभार’चं काही सांगत नाहीत. सुरुवातीचे दिवस फार अवघड गेले. ताटावर बसायचं आणि दोघांनी गप्प जेवायचं, हे त्या घराला माहीतच नव्हतं. एकदा लिफ्टवाल्यांनीच घसा खाकरला आणि विचारलं, “तुला मी कधी सांगितलं का, एका लिफ्टमध्ये नवरा-नवरी अडकली होती ते? लग्नाच्याच दिवशी?”

“नाही,” चौकशीबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

“सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये. मी वरून झाकण उघडून बघतो, तर दोघांचं कडाक्याचं भांडण चाललेलं. मला म्हणाले, जरा थांबा, झालंय आमचं.”

“आणि तुम्ही थांबलात?”

“थांबलो की. लिफ्टच्या टपावरच बसून राहिलो.”

“काय भांडत होते?” चौकशीबाईंनी विचारलं, आणि ताट जरा बाजूला सारून त्या नीट ऐकायला बसल्या.